चावी वहिनींकडे होती

लाँड्रीवाल्या वहिनींचा आवाज असा होता, की दोन्ही मशीन चालू असतानाही त्यांनी रस्त्यापलीकडच्या माणसाला "तुमचे कपडे तयार आहेत हो" म्हणून सांगितलं, तर त्याला ते पहिल्याच हाकेत ऐकू जायचं. हा आवाज त्यांनी कमावलेला होता. लग्न होऊन आल्या तेव्हा त्या इतक्या हळू बोलायच्या, की नवरा "काय?" म्हणायचा आणि त्या "काही नाही" म्हणायच्या. मग नवऱ्याने लाँड्री टाकली. मशीनच्या घरघरीत काही सांगायचं तर ओरडण्यावाचून गत्यंतर नव्हतं. बघता बघता वहिनींचा आवाज वाढत गेला आणि नवऱ्याचा कमी होत गेला. घरात एकूण आवाज तेवढाच राहिला, असं तो म्हणायचा.

दुकान चढाच्या रस्त्यावर अगदी मध्यावर होतं. पुढे काउंटर, त्यामागे दोन मोठ्या मशीन आणि कपडे पिळून काढणारा एक जुना ड्रम. बाजूला इस्त्रीचं टेबल. त्याच्यावरच्या घोंगडीवर इतके डाग पडले होते, की मूळ रंग कोणता ते वहिनींनाही सांगता आलं नसतं. मागे राहायची खोली आणि फरशीचं अंगण, त्यात दोऱ्या. भिंतीपलीकडे टेलरबाईंचं दुकान. ड्रम जोरात फिरायला लागला की भिंत थरथरायची आणि टेलरबाईंच्या टेबलावरची कात्री आपोआप सरकत कडेला यायची. टेलरबाई भिंतीवर दोनदा थाप मारायच्या. "अगं, चोरलीस की काय माझी कात्री?" वहिनी इकडून म्हणायच्या, "कात्री ठेव, गिऱ्हाईक पाठव."

टेलरबाईंनी लग्न केलं नव्हतं. दुकानाच्या मागच्या दोन खोल्यांत त्या आणि त्यांची आई राहायच्या. आईला वहिनी मावशी म्हणायच्या. लाँड्री उघडली त्या दिवशी दुपारपर्यंत एक माणूस फिरकला नव्हता. वहिनी काउंटरवर कोपर टेकून रस्त्याकडे बघत बसल्या होत्या. तेवढ्यात मावशी हातात पडद्यांचं गाठोडं घेऊन आल्या. वहिनींनी ते उघडलं तर पडदे स्वच्छ होते, घड्यासुद्धा मोडलेल्या नव्हत्या. "मावशी, हे धुतलेलेच आहेत," वहिनी म्हणाल्या. मावशी म्हणाल्या, "मग परत धू. मशीन चालताना दिसली तर लोक येतील." आणि खरोखरच आले. त्या दिवसापासून मावशींच्या घरचा कपडा वहिनींनी कधी मोजून घेतला नाही.

अशी बरीच वर्षं गेली. वहिनींची मुलगी लग्न होऊन दूर गेली, टेलरबाईंना चष्मा लागला, नवऱ्याच्या कपडे पोचवायच्या गाडीचा रंग उडाला. आणि मग लागोपाठ दोन वर्षं पाऊस नावापुरता झाला.

वस्तीला पाणी यायचं ते खालच्या तलावातून. तलाव एका दिवसात आटत नाही, त्यामुळे कोणी फारसं मनावर घेतलं नाही. आधी काठाचा चिखल वाळून भेगाळला. मग कोणाला आठवत नव्हती अशी एक बुडालेली होडी वर आली आणि लोक ती बघायला गेले. मग नळाला पाणी रोजच्याऐवजी एक दिवसाआड यायला लागलं. चढावरच्या घरांत तर ते येताना नुसतं फुसफुसायचं. तेव्हा कुठे सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

शाळेच्या हॉलमध्ये सभा झाली. बाकं लहान मुलांची होती, त्यामुळे मोठमोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन बसली होती. पाणी समिती नेमली आणि अध्यक्ष म्हणून सगळ्यांनी सरांना बसवलं. सर शाळेतून निवृत्त झालेले, मऊ बोलणारे. त्यांच्याबद्दल वाईट बोलणारं माणूस वस्तीत शोधूनही सापडलं नसतं. सरांनी सांगितलं, की घरोघरचे नळ बंद करावे लागतील. जे काही पाणी येईल ते चौकातल्या मोठ्या टाकीत साठवायचं आणि माणशी मोजून वाटायचं. जिथे पाणी जास्त लागतं ते सगळं बंद.

मग काय काय बंद ते ठरू लागलं. डॉक्टरांची बाग. गाड्या धुणं. सलूनवाल्याचं केस धुणं. सलूनवाल्याने मान खाली घातली आणि बरं म्हणाला. त्यानंतर हॉल गप्प झाला. कोणी छताकडे बघत होतं, कोणी बाकावर कोरलेली नावं वाचत होतं. लाँड्रीचं नाव कोणीच घेईना. जो तो वहिनींकडे न बघण्याची इतकी काळजी घेत होता, की वहिनींना बसल्या जागी घाम फुटला. अखेर त्या उठल्या.

"माझ्याकडे न बघता बघू नका सगळे," त्या म्हणाल्या. "उद्यापासून लाँड्री बंद."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या वहिनींना अजिबात आवडल्या नाहीत. आपण काही तरी दिलं म्हणून लोक टाळ्या वाजवत होते आणि वहिनींना वाटत होतं, आपण तर फक्त लोकांनी ते नेण्याआधी हातातून खाली ठेवलं.

 घरी पोचल्यावर कुलूप उघडता उघडता नवरा म्हणाला, "मला विचारलं असतंस तर मी होच म्हणालो असतो. पण विचारायचं होतंस."

वहिनी आत जाऊन परत द्यायच्या कपड्यांची गाठोडी बांधायला लागल्या.

दोन-तीन दिवसांनी सर स्वतः दुकानात आले. वाटपावर एक माणूस हवा होता. वस्तीतल्या सगळ्यांना ओळखणारा, भीडभाड न ठेवणारा आणि रांगेच्या शेवटापर्यंत आवाज पोचेल असा. एवढं सांगून सर थांबले. वहिनी हसल्या. हातावर हात ठेवून बसण्यापेक्षा हे बरं, असा विचार करून त्या हो म्हणाल्या आणि टाकीच्या नळाची चावी त्यांच्या कमरेला आली.

सुरुवातीला सगळं बरं चाललं. खोटं कशाला सांगा, सुरुवातीला थोडी मजाही होती. सकाळी टाकीपाशी रांग लागायची. प्रत्येकाच्या कॅनला आपापल्या रंगाची चिंधी बांधलेली. या चिंध्या टेलरबाईंनी कापून दिल्या होत्या. त्यामुळे रांगेकडे बघितलं, की कोणाच्या पोरीचा कोणता फ्रॉक शिवून उरलेला तुकडा आहे तेही ओळखता यायचं. भाजी धुतलेल्या पाण्यात भांडी विसळायची, त्या पाण्याने फरशी पुसायची आणि उरलं तर संडासात, अशी पाण्याची उतरण सगळ्यांनी ठरवून घेतली. आंघोळीची जागा ओल्या फडक्याने घेतली. ज्यांचं एकमेकांशी वाकडं होतं, तीही माणसं रांगेत बोलायला लागली. डॉक्टर म्हणाले, एकमेकांना पाण्यात बघायलासुद्धा पाणी उरलेलं नाही, मग करणार काय.

लोक वहिनींसमोर आपल्या कपड्यांनी ओशाळायचे. औषधाच्या दुकानाचा मालक कॉलर आत दुमडून यायचा. शाळेतल्या बाई पदर असा घ्यायच्या, की डाग झाकला जाईल. एकीने तर सरळ सांगितलं, "वहिनी, तुमच्यासमोर या अवतारात उभं राहायचं म्हणजे डॉक्टरांसमोर विडी ओढल्यासारखं वाटतं." वहिनी सगळ्यांना सांगायच्या, उन्हात टाका, झटका, उलटे करून घाला. आणि स्वतः घरी जाऊन बंद मशीनवरची धूळ कोरड्या फडक्याने पुसायच्या.

पण माणसाचं पाणी जोखायचं असेल, तर त्याला पाण्याच्या रांगेत उभं करावं, असं वहिनींना पुढे पुढे वाटायला लागलं. उन्हं वाढली तशी माणशी मिळणारं माप कमी झालं. मग आणखी कमी झालं. घरात पाहुणे आले म्हणून कोणी वाढीव मागायचं आणि पाहुणे कोणाला दिसलेले नसायचे. कॅन काठोकाठ भरला, की थेंबभर कमी आहे म्हणून भांडण. तोच कॅन हलवला आणि थेंबभर सांडलं, की सगळ्या रांगेतून कळवळल्यासारखा आवाज निघायचा. वहिनी नाही म्हणायला शिकल्या. आधी कारण सांगून नाही म्हणायच्या, मग नुसतं नाही. संध्याकाळी घशाला कोरड पडायची, आणि ती ओरडण्याने पडली की तहानेने, ते त्यांचं त्यांनाही कळायचं नाही.

त्यातच नवऱ्याला काम मिळालं. दूरच्या एका शहरात टँकर चालवायचा. तिथल्या हॉटेलांना आणि मोठ्या इमारतींना पाणी पुरवायचं. गाडी चालवायची सवय होती आणि घरात बसून माणूस घुमा होत चालला होता, म्हणून वहिनींनीच त्याला जा म्हटलं. आठवड्यातून एकदा तो फोन करायचा. एकदा सांगायला लागला, की आज एका बंगल्याच्या पोहण्याच्या तलावात टँकर रिकामा केला. सांगता सांगता मधेच थांबला. वहिनींनी विचारलं, "जेवलात का?" तो म्हणाला, जेवलो. तो विषय दोघांनी पुन्हा कधी काढला नाही.

मावशी पडल्या त्या याच सुमाराला. न्हाणीघराच्या उंबऱ्याला पाय अडकला आणि कमरेचं हाड मोडलं. या वयात ऑपरेशन झेपायचं नाही, असं मोठ्या दवाखान्यात सांगितलं आणि घरी पाठवून दिलं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं सगळं अंथरुणातच. चादर रोज बदलायची, कधी दिवसातून दोनदा. आणि बदललेली चादर धुवायची कशात?

समितीने आजारी माणसासाठी एक वाढीव बादली मंजूर केली होती. त्या बादलीत मावशींचं अंग पुसून व्हायचं. चादरी तशाच राहायच्या. टेलरबाईंनी शिवणकामातून उरलेल्या जुन्या कापडाचे तुकडे जोडून अंथरायला घेतले. ते वापरून टाकून द्यायचे. तेही संपले. एका दुपारी भिंतीवर दोनदा थाप ऐकू आली. वहिनी गेल्या तर टेलरबाई दारातच उभ्या होत्या. आतला वास बाहेर येऊ नये म्हणून दार अर्धवट ओढून धरलेलं.

"मी मागणार नव्हते," टेलरबाई म्हणाल्या. "पण ती शरमेने पाणी प्यायची बंद झालीय. प्यायलं की चादर भिजते म्हणते."

 ज्या बाईने धुतलेले पडदे धुवायला आणून आपलं दुकान चालू करून दिलं, तिच्या चादरी न धुता कोपऱ्यात पडलेल्या, आणि मधे एक भिंत, भिंतीअलीकडे दोन मशीन. त्यांनी एवढंच म्हटलं, की माझ्या एकटीला किती लागतं. दुसऱ्या दिवसापासून त्या आपल्या वाट्याचं पाणी टेलरबाईंच्या कॅनमध्ये सोडायला लागल्या.

सलूनवाल्याच्या ते लक्षात आलं. तो काही वाईट माणूस नव्हता. त्याच्या घरी जुळ्या तान्ह्या मुली होत्या आणि त्याचं दुकानही वहिनींच्या लाँड्रीबरोबरच बंद झालं होतं. पण त्याच्यासाठी कोणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. रांगेतून पुढे येऊन तो म्हणाला, "चावी हातात असली की मैत्रिणीचा कॅन मोठा होतो वाटतं."

वहिनींनी सांगितलं, की हे माझ्या वाट्याचं आहे. तो म्हणाला, असेलही. आम्हाला कुठे दिसतं तुमचं कोणतं आणि सगळ्यांचं कोणतं? नळ तर एकच आहे. रांगेतलं कोणी त्याच्या बाजूने बोललं नाही. कोणी वहिनींच्या बाजूनेही बोललं नाही. टेलरबाईंनी भरलेला कॅन तिथेच खाली ठेवला आणि वळल्या. वहिनींनी हाक मारली, सगळ्या चौकाला ऐकू गेली अशी, पण त्या थांबल्या नाहीत.

संध्याकाळी सर आले. काउंटरपाशी उभे राहून बराच वेळ चष्मा पुसत होते. म्हणाले, तुम्ही चोरी केली असं कोणीच म्हणत नाही. तुमचा वाटा तुम्ही कोणालाही द्या. पण टाकीपाशी नको. आज तुम्ही मैत्रिणीला दिलंत, उद्या कोणी भावाला देईल, परवा कोणी विकेल, आणि रांग एकदा मोडली की पुन्हा लागत नाही. वहिनी ऐकत राहिल्या. सरांचं काही चुकत असतं तर त्यांनी त्यांना धुऊन काढलं असतं. पण सरांचं म्हणणं बरोबर होतं. सलूनवाल्याचंही एका परीने बरोबर होतं. दोष द्यायला समोर कोणीच नव्हतं आणि तेच त्यांना सहन होत नव्हतं.

तेव्हापासून वहिनी आपला वाटा आधी घरी न्यायच्या आणि मग मागच्या अंगणातून, रिकाम्या दोऱ्यांखालून, बादली टेलरबाईंच्या मागच्या दाराशी पोचवायच्या. त्यात लपवण्यासारखं काहीच नव्हतं, तरी बादलीवर टॉवेल टाकायच्या. स्वतःसाठी एक लहान कळशी ठेवायच्या. मावशी आतून विचारायच्या, "कोण, वहिनी का?" आणि त्या "हो मावशी" म्हणून दारातूनच परत फिरायच्या. आत जायला त्यांना धीर व्हायचा नाही.

मग औषधाच्या दुकानात जुलाबाच्या गोळ्या जास्त जायला लागल्या. पहिल्यांदा कोणी ते टाकीशी जोडलं नाही. सलूनवाल्याची एक मुलगी आजारी पडली, शाळेतल्या बाई पडल्या, डॉक्टरांच्या घरातही कोणी पडलं. तेव्हा औषधवाल्याने बाटलीत पाणी घेऊन तपासायला पाठवलं. अहवाल वाईट आला. दोघं तरुण शिडी लावून टाकीवर चढले. हवा खेळण्यासाठी वर एक झरोका होता. त्याची जाळी गंजून फाटली होती आणि आत कबूतर मरून पडलं होतं.

सगळे खाली उभे राहून वर बघत होते.  वर चढून जाळी बघायचं काम कोणाला नेमून दिलेलंच नव्हतं. वहिनी मात्र कमरेच्या चावीवर हात ठेवून उभ्या होत्या आणि त्यांना वाटत होतं, की प्रत्येक जण आपल्याकडेच बघतोय. खरं तर त्यांच्याकडे कोणीच बघत नव्हतं.

टाकी रिकामी करून घासावी लागणार होती. दुसरा उपाय नव्हता. सरांनी सांगितलं, हे पाणी कोणी भरू नये, कपड्यांनाही नको, पोरं कपडे तोंडात घालतात. वहिनींनी खालचा मोठा नळ सोडायचा आणि पाणी गटारात जाऊ द्यायचं. वहिनींनी चावी फिरवली. इतके दिवस ज्याच्यासाठी जीव टाकला, ते पाणी धो धो वाहायला लागलं. उन्हात त्याचा गार वास आला. कितीतरी दिवसांत कोणी एवढ्या पाण्याचा आवाज ऐकला नव्हता. लोक गटाराच्या कडेने नुसते उभे राहिले.

तेवढ्यात टेलरबाई आल्या. कडेवर मूल घ्यावं तसं चादरींचं गाठोडं घेऊन. वास येत होता आणि त्यांनी तो आता लपवला नाही.

"प्यायला नको गं," त्या वहिनींना म्हणाल्या. "चादरींपुरतं."

वहिनींनी सरांकडे बघितलं. सरांनी दुसरीकडे मान फिरवली. वहिनी बाजूला झाल्या.

टेलरबाई खाली बसल्या आणि त्यांनी पहिली चादर धारेखाली धरली, एवढंच. पुढच्या क्षणी सगळी गर्दी अंगावर आली. बादल्या, टब, पातेली, ज्याला जे मिळालं ते. कोणी कोणाला ढकलत होतं. वहिनी जीव तोडून ओरडत होत्या, की हे पिऊ नका, पोरांना देऊ नका. आणि तो आवाज, जो दोन मशीनच्या वरून रस्त्यापलीकडे जायचा, त्या गदारोळात कोणाच्या कानापर्यंत पोचत नव्हता. टेलरबाई चिखलात बसलेल्या, चादर पायांखाली गेलेली. थोड्या वेळाने टाकी संपली. धार बारीक झाली, मग थेंब. लोक आपापलं भरलेलं उचलून एकमेकांकडे न बघता घरी गेले. वहिनींनी चिखलातल्या चादरी गोळा केल्या. आणल्या होत्या त्याहून वाईट झाल्या होत्या.

त्याच आठवड्यात मावशींनाही जुलाब सुरू झाले. डॉक्टर दोनदा येऊन गेले. अंगातलं पाणी कमी झालंय म्हणाले, सलाइन लावलं. आणि तिसऱ्या दिवशी, वहिनी टाकीवर घासकामाला उभ्या असताना, शेजारची एक बाई सांगत आली, की मावशी गेल्या.

वहिनी गेल्या तेव्हा टेलरबाई आईच्या उशाशी बसल्या होत्या. घरात एक घोट पाणी नव्हतं. टाकी अजून भरलेली नव्हती. समितीने बाहेरून मागवलेला टँकर दोन दिवसांनी येणार होता. मावशींना अखेरची आंघोळ घालायची तर कशाने?  वहिनी घरी आल्या, कळशी बघितली, तळाशी वाटीभर होतं. ते घेऊन निघाल्या.

त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. पण बातमी चढावर आणि उतारावर दोन्हीकडे गेली होती. त्या पोचल्या तर औषधवाला तांब्या घेऊन उभा होता. मागून शाळेतल्या बाई आल्या, त्यांच्या हातात बाटली. डॉक्टरांकडून पातेलं आलं. सरांनी दोन्ही हातांनी झाकण धरून डबा आणला. सलूनवाला मुलींच्या दुधाची बाटली धुऊन, ती भरून घेऊन आला आणि दारात वाकून त्याने ती बादलीत ओतली. टाकी रिकामी होण्याआधी घरी भरलेलं जे नंतर उकळून ठेवलं होतं, किंवा बाहेरगावच्या नातेवाइकांनी जे बाटल्यांतून पाठवलं होतं, ते प्यायचं पाणी होतं. उद्या आपण काय पिणार हे त्यातल्या कोणालाच माहीत नव्हतं. बादली भरली. मग दुसरी भरायला घेतली. कोणी रडत नव्हतं. रांग मात्र आपोआप लागली होती आणि ती सांभाळायला कोणाचीच गरज नव्हती.

टेलरबाई बाहेर आल्या. दोन बादल्यांकडे बघत उभ्या राहिल्या. मग रागाने नाही, खरंच कळत नसल्यासारखं, त्यांनी विचारलं:

"हे काल कुठे होतं?"

 सर जमिनीकडे बघत राहिले. सलूनवाला रिकामी बाटली हातात फिरवत होता. उत्तर नव्हतं असंही नाही. काल ते प्रत्येकाच्या घरी होतं, आणि प्रत्येकाच्या घरी कोणी ना कोणी तहानलेलं होतं. पण हे टेलरबाईंच्या तोंडावर सांगायचं कसं? वहिनींनी बादली उचलली आणि दोघी आत गेल्या. मावशींना त्यांनी खूप वेळ आंघोळ घातली. डोक्यावरून, पाठीवरून, पायांवरून. इतकं पाणी एका वेळी मावशींना सगळ्या आजारपणात मिळालं नव्हतं.

टेलरबाईंचा भाऊ येऊन त्यांना घेऊन गेला. ज्या सकाळी त्या निघाल्या, त्याच सकाळी टँकर आला होता आणि वाटप चालू होतं. वहिनींना रांग सोडून जाता आलं नाही. टेलरबाईंची गाडी चौकातून गेली तेव्हा वहिनींचा एक हात नळावर होता आणि दुसऱ्या हातात कोणाचा तरी कॅन. त्यांनी मान वर केली. गाडीच्या काचेत आकाश दिसत होतं. आत कोण कुठे बसलंय ते दिसलं नाही.

पुढे पाऊस झाला. फार नाही, पण तलावातली होडी परत बुडाली. घरोघरचे नळ सुरू झाले, अजूनही एक दिवसाआडच. नवरा परत आला. मशीन चालू करायला गेले तर रबरं सुकून तडकली होती. पहिल्याच फेरीत सगळं पाणी फरशीवर आलं. नवरा आणि वहिनी दोघं गुडघ्यांवर बसून ते फडक्यांनी टिपून बादलीत पिळत होते, एक थेंब नाल्यात जाऊ न देता. लाँड्री आठवड्यातून दोन दिवस उघडायची असं समितीने ठरवलं. कपड्यांचे डोंगर आले. वहिनींनी चावी परत करायचं दोनदा काढलं. सर म्हणाले, पुढच्या उन्हाळ्याचं काय? तुम्ही नाही तर कोण? वहिनींना दुसऱ्या कोणाचंही नाव सुचलं नाही. चावी त्यांच्याकडेच राहिली.

टेलरबाईंच्या दुकानात आता मोबाइल दुरुस्त करणारा बसतो. तो भिंतीवर थाप मारत नाही. ड्रम फिरायला लागला की येऊन सभ्यपणे सांगतो, काकू, माझे स्क्रू सांडतात.

वहिनी महिन्यातून एखाद्या वेळी टेलरबाईंना फोन करतात. टेलरबाई सांगतात, भावाकडे बरं चाललंय. भाचीचे कपडे शिवते, डोळे आता काम देत नाहीत, तिथे नळाला चोवीस तास पाणी आहे. एकदा अशाच बोलता बोलता टेलरबाई म्हणाल्या, आईची आज फार आठवण आली. आणि मग, प्रेमानेच, सांगायला लागल्या.

"तुला माहीत नाही, शेवटी शेवटी ती माझ्या हातचं पाणी प्यायचीच नाही. टाकीवरचं नको म्हणायची. वहिनीने आणलंय ते दे म्हणायची. उकळून गार होईपर्यंतही धीर नसायचा तिला. तुझी बादली आली की लगेच पेला पुढे करायची. तेवढंच प्यायली ती मनापासून."

वहिनी फोन कानाशी धरून उभ्या राहिल्या. ते पाणीही त्याच टाकीतलं होतं, हे टेलरबाईंना कळत नव्हतं, की कळूनही त्या असं बोलत होत्या, हे आवाजावरून काही समजेना. विचारावं असं एकदा ओठांपर्यंत आलं. विचारून काय झालं असतं?

"हो का," त्या म्हणाल्या. इतक्या हळू, की तिकडून टेलरबाईंनी "काय?" असं विचारलं.

"काही नाही," वहिनी म्हणाल्या. मग त्यांनी भाचीच्या परीक्षेचं विचारलं, भावाच्या दुखऱ्या पायाचं विचारलं, आणि मशीन थांबली म्हणून फोन ठेवला. ओले कपडे उपसून बाहेर न्यायचे होते. ऊन चांगलं होतं. आज वाळले नसते, तर लाँड्रीचा पुढचा दिवस येईपर्यंत लोकांना अंगावरचेच घालावे लागले असते.